सहा ते सात मोटार बंद

मला अंकुश मिस्त्रींचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी त्यांच्याविषयी जे बोलेन त्यातलं किती धरायचं आणि किती सोडून द्यायचं हे तुम्हाला ठरवता येईल. आमच्या घरात तीन पिढ्या मास्तर. आजोबा मास्तर, वडील मास्तर, मी मास्तर. तुळजापुरात आमच्या घराची ओळखच ‘मास्तरांचं घर’ अशी. आणि मिस्त्री सातवी नापास. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस. अशा माणसाचा मला हेवा वाटावा, आणि तोही शिक्षणाच्या बाबतीत, हे मला इतकं लागायचं की कित्येक वर्षं मी त्याला हेवा म्हणतच नव्हतो. मी त्याला ‘मिस्त्रींचा आगाऊपणा’ म्हणायचो.

तामलवाडीच्या पुढं सोलापूर रस्ता सोडून आत गेलं की एक गाव लागतं. नाव सांगत नाही, कारण माणसं अजून तिथंच आहेत. तिथल्या शाळेवर माझी बदली झाली तेव्हा आमची ऋतुजा दुसरीत होती. शाळेजवळच्या गल्लीत दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. दारासमोर मिस्त्रींचं पत्र्याचं दुकान, दुकानाच्या मागं त्यांचं घर. सकाळी दार उघडलं की आधी वार्निशचा वास यायचा, मग मिस्त्री दिसायचे. उंच, कमरेत थोडे वाकलेले, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली, बोटं वार्निशनं कायमची तपकिरी. कानावर पेन्सिल. लिहायचं काम त्यांना फारसं पडत नसे, पण पेन्सिल मात्र कानावरून कधी उतरली नाही. ‘सुतार नसून पेन्सिल कशाला?’ असं मी एकदा खवचटपणे विचारलंही होतं. ते म्हणाले, “कोमलची आखूड झाली की ती मी घेतो. टाकू वाटत न्हाय.”

कोमल त्यांची एकुलती एक मुलगी. ऋतुजाच्याच वर्गात. तिची आई छबूबाई द्राक्षबागेत कामाला जायची, ती अंधार पडताना यायची.

मिस्त्रींची काम करायची रीत गावात सगळ्यांना माहीत होती आणि सगळे तिला वैतागलेले होते. मोटार आली की ते लगेच उघडत नसत. आधी तिच्या अंगावर पालथा हात ठेवायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि मालकाला विचारायचे, “आवाज कसा व्हता?”

“आवाजाचं काय करायचंय मिस्त्री? जळलीय. भरून द्या.”

“जळायच्या आधी आवाज बदललाच असंल की. तवा तुमी कुठं व्हता?”

माणूस म्हणायचा, गावात होतो, लग्नाला गेलो होतो, झोपलो होतो. मिस्त्री मान हलवायचे. रागवायचे नाहीत, पण मोटार एकदम जळते यावर त्यांचा विश्वास नव्हता. ती आधी सांगते, ऐकणारा जाग्यावर पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

मग मोटार भरायला, म्हणजे तांब्याच्या तारेची नवी कॉइल गुंडाळायला, बसायचे. एका हातानं गुंडाळणीचं चाक फिरवायचं, दुसऱ्या हातानं तार सोडायची आणि तोंडानं वेढे मोजायचे. मोजणं चालू असताना कुणी बोललं की डाव्या हाताचं एक बोट वर. बस्स. मग सरपंच असो की वायरमन, कॉइल पुरी होईपर्यंत उभं राहायचं. एक वेढा कमी-जास्त झाला तर मोटार पुन्हा तापणार, म्हणून. मला स्वतःला दोन वेळा त्यांनी असं बोट दाखवून उभं केलेलं आहे. गावात मला सगळे वाकून ‘सर’ म्हणायचे, आणि हा माणूस मला बोट दाखवायचा.

खरी ठिणगी पडली ती पालकसभेत. तेव्हा मुली पाचवीत गेल्या होत्या आणि मी त्यांचा वर्गशिक्षक झालो होतो. शाळा छोटी, त्यामुळं सातवीपर्यंत तोच वर्ग माझ्याकडं राहिला. पालकसभा म्हणजे आमच्याकडं चार-पाच आया, पदर सावरत, दारातच उभ्या राहणाऱ्या. ‘काय सर, शिकतंय का आमचं?’ एवढंच विचारायच्या. मीही ‘लक्ष द्या जरा’ म्हणून सह्या घ्यायचो. त्या दिवशी मिस्त्री आले. हात धुतलेले, तरी वार्निशचा वास होताच. खुर्चीवर बसले नाहीत. कोमल वर्गात जिथं बसते त्या जागेवर, खाली पट्टीवर, मांडी घालून बसले. बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो.

सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी विचारलं, “सर, एक इचारू का?”

“विचारा की.”

“कोमल कुठं चुकती ते नगा सांगू. ते वहीत दिसतंय. ती कुठं गप बसती ते सांगा.”

मी शिक्षक म्हणून बरीच वर्षं काढली होती. मुलांच्या चुकांची यादी मी झोपेतही सांगू शकलो असतो. पण कोमल कुठं गप बसते? मला माहीत नव्हतं. मी काहीतरी ठोकून दिलं, ‘तशी हुशार आहे, बोलते’ वगैरे. मिस्त्री माझ्याकडं बघत राहिले. ते म्हणाले, “बरं, बघून सांगा. मी परत येतो.”

आणि आले. आठव्या दिवशी मधल्या सुट्टीत दारात उभे. मला लाजेखातर बघावं लागलं होतं. कोमल अपूर्णांक आले की गप बसायची. इतर वेळी हात वर करणारी पोरगी, फळ्यावर छेद आला की खाली बघायची. मी सांगितलं. मिस्त्रींनी मान डोलावली, “व्हय, मलाबी तसंच वाटत व्हतं,” म्हणाले आणि गेले. महिन्याभरात कोमल अपूर्णांकाला हात वर करायला लागली. मी वर्गात काहीही वेगळं केलेलं नव्हतं.

त्यांनी काय केलं असेल हे बघायला मी एका संध्याकाळी बिघडलेला टेबलफॅन घेऊन दुकानात गेलो. फॅन हे निमित्त होतं. दाराशी एक पाटी लटकवलेली, कोमलच्या अक्षरात: ‘६ ते ७ मोटार बंद’. आत मशीन बंद, हातोडी बंद. कोमल पोत्यावर बसून गणितं करत होती. तिच्या शेजारी आमची ऋतुजा. समोर स्टुलावर मिस्त्री, दोन्ही हात मांडीवर, काहीही न करता बसलेले. ना पुस्तक, ना फोन, ना तंबाखू. माझ्याकडं बघून त्यांनी बोट वर केलं.

मी उभा राहिलो. एवढ्यात एक बागायतदार मोटरसायकल दारात लावून आत आला. मागच्या कॅरिअरला जळलेली मोटार बांधलेली.

“मिस्त्री, घड चाललेत माझे सुकून. हात लावा आधी हिला.”

“सातला.”

“अरं, लाखाची बाग हाय!”

“मग तासभर अजून सुकंल. सातला करतो, तुमच्याबरुबर शेतावर येऊन बसवून देतो. पर सातला.”

तो माणूस शिव्या पुटपुटत बाहेर जाऊन बिडी ओढत बसला. दुसरीकडं गेला नाही, कारण मिस्त्रींनी भरलेली मोटार परत येत नसे. आत कोमल मध्येच थांबली, वही बापापुढं धरली. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, हे मला दिसत होतं. ते म्हणाले, “वेढा कुठं चुकला ते बघ. तितनंच माघारी ये. सगळी कॉइल सोडू नगं.” पोरीनं वही परत घेतली, वरून एक-एक पायरी बघत आली आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून हसली. एवढंच. ही त्यांची शिकवण्याची पद्धत.

सात वाजता मी विचारलं, “तुम्ही नुसते बसता?”

“मग काय करू सर? मला येतंय कुठं. पर मी उठलो की ती बी उठती.”

मी फॅन तिथंच ठेवून घरी आलो. वाटेत मला जे वाटलं त्याला तेव्हा मी शब्द दिला नाही. ऋतुजा तिथं बसली होती, आणि ती कधीपासून तिथं बसते हेच मला ठाऊक नव्हतं. सहा ते सात ही माझी चौकातल्या हॉटेलात बसायची वेळ. तिघं-चौघं शिक्षक आम्ही, चहा, वर्तमानपत्र, बदल्यांच्या बातम्या. दिवसभर मुलांतच असतो, संध्याकाळी पुन्हा मूल कशाला, असं मी बायकोला अनेकदा ऐकवलेलं होतं.

त्या वर्षी पहिल्या सत्राची प्रगतीपत्रकं वाटली. पद्धत अशी, की मुलांनी कार्ड घरी न्यायचं, पालकाची सही आणायची आणि परत द्यायचं. सगळी कार्डं दुसऱ्या दिवशी आली. कुणाची सही, कुणाचा अंगठा, कुणी तर उलट्या बाजूला केलेली. कोमलचं कार्ड चौथ्या दिवशी आलं. मी दुकानावर जाऊन म्हटलं, “मिस्त्री, एका सहीला चार दिवस?”

“वाचल्याबिगर सही कशी करू? आदी कोमलनं वाचून दावलं. मग म्हटलं, आपुन बी वाचावं. म्या वाचलं, त्याला येळ लागला.” मग चष्मा सारखा करत म्हणाले, “तुमी खाली लिव्हलंय, पालकांनी लक्ष द्यावे. तर आनि काय लक्ष देऊ ते सांगा.”

आता हा शेरा मी सगळ्याच कार्डांवर लिहायचो. अभ्यासात बरी असली तर ‘प्रगती चांगली, पालकांनी लक्ष द्यावे’. बरी नसली तर ‘प्रगती साधारण, पालकांनी लक्ष द्यावे’. पस्तीस कार्डांवर लिहिताना हात चालतो, डोळे चालत नाहीत. तो शेरा कुणी वाचेल आणि वर त्याचा अर्थ विचारायला येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मी म्हटलं, “तुमचं चाललंय ते ठीक आहे.” ते खूश झाले. मला मात्र दिवसभर चैन पडलं नाही.

ऋतुजाच्या कार्डाचं मी काही केलं नव्हतं. वर्गशिक्षक मीच, पालक मीच. तिनं कार्ड पुढं केलं तेव्हा मी म्हणालो होतो, “तुझं राहू दे. घरातलंच आहे.” तिच्या आईकडं ती गेली, तर सुनंदा म्हणाली, “पप्पा सर आहेत ना? मग सही त्यांचीच शोभते.” नंतर मॉनिटरनं कार्डांचा गठ्ठा आणून दिला, मी नग मोजले, पस्तीस भरले, दोरा बांधून कपाटात टाकले.

मग मिस्त्रींचं कौतुक सुरू झालं. शाळेत, गावात, जिकडंतिकडं. कोमल केंद्राच्या स्पर्धेत पहिली आली. मुली सहावीत असताना सव्वीस जानेवारीला मुख्याध्यापकांनी ‘आदर्श पालक’ म्हणून मिस्त्रींचा सत्कार ठेवला आणि चार शब्द बोलायला लावलं. खरं सांगतो, ते माईकसमोर फजीत व्हावेत असं मला मनापासून वाटत होतं. इस्त्रीचा सदरा घालून आले, नारळ काखेत धरला, माईकपुढं बराच वेळ उभे राहिले. मला मनातून बरं वाटायला लागलं. मग ते म्हणाले, “मी काय करत न्हाय. बसतो.” आणि खाली उतरले. एवढ्या टाळ्या त्या मैदानात मी कधी ऐकल्या नव्हत्या. मुख्याध्यापक माझ्याकडं वळून म्हणाले, “बघा सर, ह्याला म्हणतात पालक.” त्यांचा उद्देश वाईट नव्हता. पण मी घरी येऊन जेवलो नाही.

त्याच आठवड्यातली गोष्ट. ऋतुजाला निबंधात बक्षीस मिळालं. लहानसंच, एक पेन आणि प्रमाणपत्र. मला ते शाळेतच कळलं होतं, म्हणून मी मुद्दाम लवकर घरी आलो, दारात उभा राहिलो. पोरगी गल्लीतून पळत आली, आमच्या दारावरून पुढं गेली आणि मिस्त्रींच्या दुकानात शिरली. आत काहीतरी बोलणं झालं, मग तिचं हसणं ऐकू आलं. मिस्त्रींचा मोजणारा आवाज थांबला होता. ज्यांनी सरपंचासाठी कॉइल सोडली नाही, त्यांनी माझ्या पोरीसाठी सोडली.

संध्याकाळी मी दुकानात गेलो. सहा वाजायचे होते.

“मिस्त्री, आमच्या ऋतुजाला इथं बसवत जाऊ नका.”

“का सर? काय चुकलं का?”

“चुकलं नाही. तिला घर आहे. तिचा बाप शिक्षक आहे. लोक काय म्हणतील?”

मिस्त्रींनी चष्मा काढला, तारेची गाठ बोटानं चाचपली, पुन्हा घातला. मग म्हणाले, “बरं सर. तुमी म्हनता तसं.” मी वळलो तेव्हा मागून म्हणाले, “सर, ती नकाशा आला की गप बसती. तेवढं बघा.”

मला इतका राग आला! माझ्या वर्गातली मुलगी, माझ्या घरातली मुलगी, आणि ती कुठं गप बसते हे मला मोटारवाल्यानं सांगायचं. मी दुसऱ्या दिवसापासून हॉटेलात जाणं बंद केलं आणि सहा ते सात ऋतुजाला घेऊन बसलो. मिस्त्री बसतात तर मीही बसेन, आणि मला तर येतंही. मी नकाशा उघडला. सह्याद्री, बालाघाट, गोदावरी, मांजरा. मी समजावलं, विचारलं, तिनं उत्तर दिलं नाही, मी पुन्हा समजावलं, जरा मोठ्यानं. ती वहीच्या कोपऱ्याची गुंडाळी करत राहिली. पंधरा मिनिटांत आवाज फक्त माझाच होता. आठवडाभर असं चाललं. मग कधी तिचं डोकं दुखायचं, कधी मला ऑनलाइन माहिती भरायची असायची, आणि हळूहळू मी पुन्हा हॉटेलात जायला लागलो. ती मिस्त्रींकडं परत गेली नाही. तिला सांगितलेलं ऐकायची सवय होती.

सहावीच्या दुसऱ्या सत्रापासून ऋतुजाचे गुण घसरत गेले. वाईट नाही, साधारण. वर्गात तिचा हात वर येणं बंद झालं. सुनंदा एकदा म्हणाली, “अहो, ती पूर्वी घरात बडबड करायची. आता नाही करत.” मी म्हणालो, मोठी होतेय. दारासमोर रोज सहा वाजता पाटी लागायची आणि मोटार बंद व्हायची. त्या शांत तासाची मला इतकी चीड होती की मी त्या वेळी दार लावून घ्यायचो.

पुढचं थोडक्यात सांगतो. मुली सातवी पास झाल्या आणि माझी बदली तुळजापूरला झाली. कोमल तंत्रनिकेतनात गेली, तिथून पुण्याला इंजिनिअरिंगला. तिकडं ती पहिल्या पाचांत असते हे मला मिस्त्रींनी नाही, इतर दहा जणांनी सांगितलं. ऋतुजा बारावीला गणितात अडकली, एक वर्ष गेलं, मग सोलापूरला नर्सिंगला लागली. रविवारी फोन करते. ‘जेवलात का पप्पा? बरे आहात ना? आईला द्या.’ दोन मिनिटं. आईशी अर्धा तास.

गेल्या महिन्यात तिला शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागत होता. मी कपाटातली जुनी फाइल काढली. दाखल्याच्या खाली तिची प्रगतीपत्रकं होती, पाचवी, सहावी आणि सातवी. शाळेतून निघताना मीच ती घरी आणलेली. सहज पाचवीचं उलटलं. मागच्या पानावर माझ्या अक्षरात शेरा: ‘प्रगती चांगली. पालकांनी लक्ष द्यावे.’ शेजारी वर्गशिक्षक म्हणून माझी झोकात केलेली सही. आणि त्याखाली, पालकाच्या सहीच्या जागी, एकेक अक्षर सुटं काढून, पेन्सिलीनं लिहिलेलं:

‘वाचले. लक्ष देतो. अंकुश मिस्त्री, शेजारी.’

दुसऱ्या सत्रालाही तसंच. ‘वाचले. लक्ष देतो.’ सहावीच्या पहिल्या सत्राला तेच, त्याच्यापुढं आणखी एक ओळ: ‘नकाशाला गप बसते.’ ही ओळ माझ्या सहीपासून दोन बोटांवर होती. दुसऱ्या सत्राचा शेरा लिहिताना हे कार्ड माझ्या हाताखालून गेलं होतं. मी तिथंच पुन्हा लिहिलं होतं, ‘प्रगती साधारण. पालकांनी लक्ष द्यावे.’ त्याखालची पालकाची जागा कोरी. सातवीच्या दोन्ही जागा कोऱ्या. मी सांगितल्यापासून मिस्त्रींनी सही केली नव्हती, आणि पोरीनं दुसऱ्या कुणाकडं मागितली नव्हती.

मी खिशातून पेन काढलं. का ते मला माहीत नाही. कोऱ्या जागेवर सही करून टाकावी असं वाटलं असेल. पण हात चालेना.

सुनंदा दारात उभी होती. मी कार्ड तिच्यापुढं धरलं. “तुला माहीत होतं?”

“हो.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही मिस्त्रींना काहीतरी बोलला असता. तसंही बोललातच.” तिनं कार्ड घेतलं, पदरानं पुसलं आणि परत दिलं. मग म्हणाली, “तुम्हाला एवढा हेवा वाटतो ना त्यांचा? मग एकदा सहा वाजता जाऊन बघा दुकानात.”

हेवा हा शब्द तिनंच पहिल्यांदा उच्चारला. मी कार्ड खिशात घातलं, गाडी काढली.

गावात पोचलो तेव्हा सव्वासहा होऊन गेले होते. दुकान तेच, पत्रे गंजलेले. पाटी तीच, कोमलचं लहानपणीचं अक्षर पुसट झालेलं, पण वरून पुन्हा गिरवलेलं. बाहेर एक शेतकरी जळलेल्या मोटारीवर हात ठेवून बसलेला. मला बघून म्हणाला, “सातपतोर थांबावं लागतंय सर.” मी विचारलं, “आता कोण आहे अभ्यासाला?” त्यानं खांदे उडवले.

आत मिस्त्री स्टुलावर बसले होते. केस सगळे पांढरे, पाठ आणखी वाकलेली, चष्म्याची काडी अजून तारेनंच बांधलेली. दोन्ही हात मांडीवर. समोर वार्निशच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला. त्याच्यावर दोन चौकोन. एकात कोमल, मागं वसतिगृहाची खिडकी, मांडीवर जाड पुस्तक. दुसऱ्यात ऋतुजा. आमची ऋतुजा, केस वर बांधलेले, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत, भराभरा लिहीत. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

मी एक पाऊल पुढं टाकलं. मिस्त्रींच्या खांद्यावरून मी फोनमध्ये दिसलो असेन. ऋतुजानं वर बघितलं. तिचे ओठ थांबले, पेन थांबलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. वहीचा कोपरा तिच्या बोटांत गेला आणि ती त्याची गुंडाळी करायला लागली.

मिस्त्रींनी मागं बघितलं. इतक्या वर्षांनी भेटत होतो, तरी ‘या सर’ नाही, ‘कवा आलात’ नाही. डाव्या हाताचं बोट वर केलं. मग पायानं दुसरं स्टूल ओढलं आणि फोनच्या मागच्या बाजूला, जिथून मी पोरीला दिसणार नाही अशा ठिकाणी सरकवलं.

मी बसलो. खिशातलं कार्ड टोचत होतं, पण हललो नाही. मला आता फोनची मागची बाजू दिसत होती आणि मिस्त्रींचं तोंड. ते तिच्याकडं बघत होते. बऱ्याच वेळानं त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला, त्यावरून मला कळलं की ती पुन्हा लिहायला लागली. सात वाजायला अजून अर्धा तास होता.